हेस्टरच्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण

हॅडरिग, नॉर्थम्बरलंड
१२ नोव्हेंबर १९५७

प्रिय हेस्टर,

अक्षर ओळखलं असशीलच. तू बरी असावीस. इथे नेहमीचंच चाललंय. चर्चचं छप्पर गळतं, उपासनेला चौदा-पंधरा माणसं येतात. तुझी वहिनी कॉन्स्टन्स जाऊन चार वर्षं झाली. तेव्हाचं तुझं पत्र मिळालं होतं, मीच उत्तर दिलं नाही. एवढ्या घरात आता मी फक्त स्वयंपाकघरात वावरतो, तिथे ऊब असते. रविवारी बोललो की कधी कधी थेट बुधवारी पुन्हा तोंड उघडतो.

लिहायचं कारण, तुझं पुस्तक माझ्याकडे आलं. तक्रार म्हणूनच आलं. मिसेस रॅमशॉंनी ते आपल्या नातीच्या, एल्सीच्या उशीखालून काढून आणलं.

"पाद्रीसाहेब, यात कोल्हे बोलतात, आणि देवाचं नाव एकदाही नाही. असलं वाचायचं का पोरींनी?"

"वाचून सांगतो," मी म्हणालो. मुखपृष्ठावरचं तुझं नाव मला दिसलं होतं. बंदी घालायच्या तयारीनंच वाचायला बसलो.

शेवटच्या प्रकरणात गोष्टीतली मुलगी हिवाळ्यात मरते आणि एका टेकडीच्या पायथ्याशी जागी होते. भूत होऊन नाही, स्वतःच्याच अंगानं, गुडघ्यावरच्या खरचटल्याच्या खुणेसकट. मेंढपाळ तिला नावानं हाक मारतो. त्याच्या तळहातांवर खिळ्यांचे जुने व्रण आहेत. ती पळत टेकडी चढते, आणि तिला धाप लागत नाही.

पुनरुत्थानावर मी तीस वर्षं उपदेश केले, हेस्टर. सांगत होतो ते हेच. पण ऐकणाऱ्याला तिथे जावंसं वाटेल, असं एकदाही सांगता आलं नाही.

ती धाप कुणाची, ते मला कळलं.

माझ्या फीबीचं हृदय थकत चाललं होतं तेव्हा तू तिच्या उशाशी बसून गोष्टी सांगायचीस. मी तुला घालवून दिलं. "तिला सत्य सांगायला तिचा बाप आहे," असं म्हणालो. दफनालाही येऊ नकोस म्हणून कळवलं. नंतर मी तिला ते सत्य सांगितलं असेल, असंच तू धरून चालली असशील.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं विचारलं, "बाबा, तिकडे मला धाप लागेल?"

तोवर मी दीडदोनशे माणसांना मूठमाती दिली होती. त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं ते मला पाठ होतं. तिला मात्र काही सांगता येईना. "पाणी आणतो," म्हणून उठलो आणि मागच्या अंगणात पंपापाशी नुसता उभा राहिलो. परत आलो तर तीच म्हणाली, "राहू दे बाबा. आत्यानं सांगितलंय मला."

नऊ वर्षांची पोर माझी समजूत घालत होती. तीन दिवसांनी ती गेली. घाबरली नव्हती.

हे मी कॉन्स्टन्सलाही कधी बोललो नाही. तुला तर आधी कळायला हवं होतं. सतरा वर्षं मी ते दडवून ठेवलं, कारण ते सांगायचं तर पंपापाशी उभा होतो हेही सांगावं लागलं असतं.

गेल्या रविवारी मुलांच्या वर्गात मी ते प्रकरण मोठ्यानं वाचलं. मिसेस रॅमशॉ मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. वाचून झाल्यावर एल्सीनं विचारलं, "हे खरं आहे?"

"कोल्ह्यांचं माहीत नाही," मी म्हणालो. "पण मेल्यावर असं होतं, असं मी मानतो." हे बोलताना माझा आवाज नीट नव्हता. मिसेस रॅमशॉंनी पुस्तक नातीच्या हातात परत दिलं आणि जाता जाता मला म्हणाल्या, "कोल्हे जरा कमी चालले असते."

फीबीची कबर तू पाहिलेली नाहीस. दक्षिणेच्या भिंतीलगत आहे, ऊन येतं तिथे. तुला बोलवायला मला तोंड नाही, तरी ये. वरची खोली मी झाडून ठेवली आहे. येणार नसलीस तरी एक ओळ टाक, रागाची असली तरी चालेल.

तुला दाराबाहेर काढणारा,
तुझा भाऊ
ऑब्री