पंचवीस वेळा सहज

तीर्थस्वरूप भाऊजींना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त निम्माच, उरलेला समक्ष घालीन). तुमचा गुडघा काय म्हणतोय? ताईचा खोकला गेला का? इथे सगळे मजेत आहेत, मी सोडून. मी संतापलोय. काल माती मळायची सोडून नुसती बुकलत होतो, तेव्हा ही दारातूनच म्हणाली, मातीने काय केलंय, बोलायचं ते त्या बाईंना बोला.

बाई म्हणजे दुकानवाल्या, ज्यांच्याकडे माझी भांडी विकायला असतात. मागे एका दुपारी कपांची ऑर्डर उरकली आणि थोडी माती उरली. टाकायची कशाला, म्हणून खेळत बसलो. खेळता खेळता एक पाण्याचा जग झाला. पोट सुटलेलं, गाल फुगलेले, तोटी आ वासून वर, कान एकीकडे कललेला. मला इतकं हसू आलं की चाक थांबवावं लागलं. इतकी वर्षं भांडी करतोय, पण तसं हसू क्वचितच आलं असेल. दुकानात ठेवला, तासाभरात गेला. झालं! बाईंचा फोन. एका हॉटेलला असेच पंचवीस हवेत, महिनाअखेरीला. हुबेहूब असेच. पण प्रत्येक जग सहज सुचल्यासारखा दिसला पाहिजे.

सहज! पंचवीस वेळा सहज! वर बाई पहिल्या जगाचा फोटो आणि टेप घेऊन हजर. त्याच्या पोटावर माझ्या अंगठ्याचा ठसा चुकून उमटला होता, तो सगळ्यांवर त्याच जागी हवा (म्हणजे मी चुकायचं, तेही मोजूनमापून). निघताना म्हणतात कशा, तुमचं काय बाई, दिवसभर मातीत खेळायचं! नोकरीत असतो तर राजीनामा तोंडावर फेकला असता. कुंभाराने काय फेकायचं? हाताशी असतं ते सगळं आपणच केलेलं असतं.

तर केले पंचवीस. पोटं सुटलेली, पण खाऊन नव्हे, सूज आल्यासारखी. तोंडं उघडी, पण दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी. आणि रागाच्या भरात काय शेण खाल्लं म्हणता? हे गाल आतून पोकळ असतात. चिकटवले की सुईने बारीक भोक पाडायचं, कोंडलेल्या हवेला वाट म्हणून. हे नवशिक्यालाही कळतं. मी आपला बाईंच्या नावाने पुटपुटत गालामागून गाल चिकटवत गेलो, भोक एकालाही नाही. भट्टी तापली आणि आत फटाफट सुरू झालं. गाल फुटले ते फुटले, शेजारच्या कपांनाही घेऊन गेले. उघडली तर नुसत्या खापऱ्या. हिने झाडू आणून माझ्या हातात दिला. त्याचाच मला जास्त राग आला.

आता पुन्हा बसलो तर हातच चालत नाहीत. माल पोचला नाही तर बाई दुकानातली माझी फळी दुसऱ्या कुणाला देणार आहेत. देवोत, खड्ड्यात गेली फळी! पण मला खेळताच येईनासं झालंय, भाऊजी. उरलेली माती हातात घेतली की वाटतं, यातून काही बरं निघालं तर त्याचेही पंचवीस मागतील. की लगेच गोळा करून टबात टाकतो. माझं खेळणं यांनी पळवलं आणि वर त्याची ऑर्डर मलाच दिली. रडू येतं हो.

असो. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तराची घाई नाही, मी काही करत नाहीये.

तुमचा,
मातीत गेलेला मेहुणा

ता. क. तो जग म्हणजे तुम्ही. रागावू नका. त्या दुपारी जेवून तुम्ही माझ्या बाकावर आडवे झालात आणि तोंड उघडं टाकून घोरू लागलात. दर घोरण्याला गाल फुगत होते. तर विनंती अशी, की रविवारी या, पोटभर जेवा आणि त्याच बाकावर पडा. जग होवो न होवो, मला एकदा तसं हसायचंय.

ता. ता. क. पाकीट चिकटवताना लक्षात आलं, की हे वाचून झोपलात तर तुम्हाला ती झोप लागायची नाही. बाईंनी माझं जे केलं, तेच मी तुमचं करायला निघालोय. तेव्हा ताई, घरातलं टपाल आधी तूच फोडतेस हे मला ठाऊक आहे. हे पत्र भाऊजींना दाखवू नकोस. जेवायला बोलावलंय, एवढंच सांग.