केळीचा खांब

उमुआहिया
१४ ऑक्टोबर २०१२

प्रिय कॉर्डेलिया,

मी सुखरूप पोचले. तू दिलेला स्वेटर आईला बसला. नव्वदीत तिचं अंग लहान मुलीएवढं झालंय. पाऊस सरत आलाय, रस्ता होता तसाच आहे. लीड्सला तुम्ही सगळ्यांनी माझी बडदास्त ठेवलीत, त्याबद्दल आभार. तुझ्या सुनेनं केलेलं एगुसीचं कालवण थेट इथल्यासारखं होतं. तिला सांग.

शेवटचे दोन दिवस मी फारशी बोलले नाही, ते दमले होते म्हणून नव्हे.

रविवारी जेवताना तुझा भाऊ अनायो पहिल्याच ग्लासात खुलला. नायजेरियापासून वेगळं व्हायला आपण लढलो, त्या बायाफ्राच्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या. आपलेच शिपाई सैन्यासाठी पोरं उचलायला तुमच्या घरी आले, तो दिवस त्यानं अगदी रंगवून सांगितला. मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "फिलो, तुझ्या भावामुळे, इझूमुळे मी आज हे मटण खातोय. आणि ही आपली कोडी काय शहाणी! म्हणाली, साहेब, हा दमेकरी, हा बंदूक उचलेपर्यंत लढाई संपेल. धडधाकट हवा असेल तर माळ्यावर बघा."

कोणीच हसेना, तेव्हा तो तुझ्याकडे वळला. "तू सांगितलं होतंस ना हिला?"

तू कालवण वाढायला उठलीस.

आमच्या घराची झडती दोनदा झाली होती, म्हणून आईनं इझूला स्वतः तुमच्या माळ्यावर आणून ठेवलं होतं. तू त्याला देऊन टाकलंस. यावर मी पुष्कळ विचार केला. दारात बंदूक आणि मागे सख्खा भाऊ असताना माणूस काय करील, ते कोणी सांगू नये. त्याचा जाब मी विचारणार नाही.

पण आपण हरल्यावर तू आमच्या ओट्यावर बसलीस, आईचा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "आई, मी इझूला पाहिलं. उपाशी मुलांना परदेशी, गाबोनला नेणाऱ्या विमानात चढताना. त्यानं हात हलवला." तेव्हा तुझ्यावर कोणी बंदूक रोखली होती?

त्या हलवलेल्या हातावर आई जगली. बेपत्ता माणसाच्या नावानं केळीचा खांब पुरून क्रिया उरकायची आपली रीत. भाऊबंद दरवर्षी विषय काढतात, ती त्यांना अंगणाबाहेर काढते. "जिवंत पोराला पुरू?" गाबोनहून कोणी परतल्याचं कळलं की ती मला त्यांच्या दारी पाठवायची. मी जायची.

परवा मी घरात पाऊल टाकताच तिनं विचारलं, "कोडीला आठवतं का गं, त्याच्या अंगात कुठला सदरा होता?" मी म्हटलं, प्रवासानं डोकं दुखतंय.

मी तिला सांगणार नाही. ज्या तोंडानं गाठ मारली, त्यानंच सोडवावी. डिसेंबरात ये. फोन नको, तिला ऐकू येत नाही. समोर बस. ती शिव्या देईल, मारेल, कदाचित काहीच बोलणार नाही. त्यानंतर मी भाऊबंदांना बोलावीन.

आली नाहीस, तर ती वाट पाहत मरेल. मग तिच्या शेजारी तो खांब मी पुरेन, आणि सगळ्या गावासमोर तुझं नाव घेईन.

तब्येतीला जप. निदान डिसेंबरपर्यंत.

इझूची बहीण,
फिलोमिना