भाताशिवायची भट्टी

४ ऑगस्ट, सोमवार
डोळ्याच्या डॉ.नं परत पाठवलं. मोतीबिंदू पिकला, पण साखर खाली आल्याशिवाय हात लावणार नाही म्हणे. मागच्या नवरात्रात देवीची पोथी पाचव्या माळेला माझ्या हातून सुटली. अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. पुढचं जाऊबाईनं वाचलं. यंदा मीच वाचीन. साखरेच्या डॉ.नं गोळी कमी केली न् भात, पोळी, बटाटा, गोड बंद. गोळीले आपल्या मनानं हात लावायचा नाही, मीटर रोज पाहायचं. बरं. अक्षर मोठं काढून राहिली, पानं जास्त जातात. जाऊ दे.

८ ऑगस्ट, शुक्र.
डोकं ठणकते. पाय कापसाचे. ह्यांच्या भाताची शिट्टी झाली तं डोळे भरून आले. देवा, भातासाठी!
सूनबाई प्रीती शाळेत जीवशास्त्र शिकवते. म्हणे, "मम्मी, शरीर पहले लिव्हरमधली जमा साखर खाते. वो खतम, तो चरबी निकालता है. लिव्हर चरबीपासून दुसरं इंधन बनवते, दिमाग भी उसपर चल जाता है. बदलताना पाणी न् मीठ बाहेर जाते, इसलिए सर दुखता है." मीठ घातलेलं ताक दिलं.
हे रिटायर झाले तरी मनानं पोलादाच्या प्लांटमधून निघाले नाहीत. म्हणाले, "अवं, भट्टीचा माल बदलला की ती पहिले कुरकुर करतेच. बंद नाही पडत."

१२ ऑगस्ट, अंगारकी
दिवसभर मनानं एकदम हलकी. आज तं उपासच, चिंता नाही. दुपारी साबुदाण्याची खिचडी, सोबत रताळी. संध्याकाळी मीटर पाहिलं तं साखर वर उडाली! मशीनच बिघडली म्हटलं. ह्यांचं बोट टोचलं. "मले कावून टोचते?" ह्यांची बरोबर.
प्रीती हसली. "मम्मी, साबुदाणा पूरा स्टार्च आहे. पेट में जाके शक्करच."
"अवं, देवाचं आहे ते."
"देवानं नाही चढवली मम्मी, खिचडीनं चढवली."
चंद्र पाहिला, पण राग गेला नाही.

१३ ऑगस्ट, बुध
लग्न झाल्यापासून उपास करून राहिली. म्हणजे उपासाच्या दिवशीच पोट भरून साखर घेतली, न् रोजच्या दिवशी कमी! बाप्पा, तूही बोलला नाहीस. साबुदाण्याचा डबा वरच्या फळीवर.

१९ ऑगस्ट, मंगळ
आज आपोआप लवकर उठली. पोट मागत नव्हतं. कोहक्याच्या देवळापर्यंत चालत गेली न् चालत आली, पारावर बसली नाही. नाश्ता काहीच नाही, मग कशावर चालली? माझ्याच अंगावरच्या साठ्यावर! भजनाच्या बायांना सांगितलं, "घरात कोठी भरलेली असताना आपण रोज बाजारात धावतो. बाजार बंद झाला की कोठी उघडते."  मी मॅट्रिक, पण समजावलं नीट.

२५ ऑगस्ट, सोम
उद्या तीजा, म्हणजे आपली हरतालिका. शेजारच्या दुलारीकडे 'करू भाता'चं बोलावणं. करू म्हणजे कडू, उपासाच्या आदल्या रात्री कारलं न् भात खातात इकडे. मी कारल्याची भाजी दोनदा घेतली, भाताची शितं तेवढी मानाची. दुलारी कमरेवर हात ठेवून, "भात नइ खाबे त तीजा कइसे रहिबे, दीदी?"
मी म्हटलं, "मोर देह म जमा हवे!" अंगातच साठा आहे म्हटलं.
"हव, दिखत हे!" म्हणे माझ्या पोटाकडे पाहून. सगळ्या लोळल्या. मीही.

२६ ऑगस्ट, हरतालिका
गोळी सुरू असताना निर्जळी नाही, डॉ.नं बजावलं होतं. जन्मात पहिल्यांदा हरतालिकेला पाणी प्याली. आधी पेला दोनदा खाली ठेवला. हे म्हणाले, "पी. तुझ्या पाण्यानं माझं आयुष्य कमी नाही होत." संध्याकाळी दही न् शेंगदाणे. पार्वती रागावली असं वाटलं नाही.

२७ ऑगस्ट, बुध
गणपती बसले. एकवीस मोदक माझ्याच हातचे. प्रसादाचा कण जिभेवर, बाकी ह्यांनी पाहून घेतले.

३ सप्टेंबर, बुध
रोजची साखर खाली आली, आठवडा झाला, तिथंच टिकून आहे. गोळी आणखी अर्धी. साखरेचे डॉ. म्हणाले, "ताई, तुम्ही तं कमाल केली." घरी येईपर्यंत ऑटोत हसूच मावेना. प्रीतीनं वर्गात माझं उदाहरण दिलं म्हणे.
उद्या डोळ्याचे डॉ. पाहतील, मग तारीख देतील. देतील तं देतील. पोथीचं लाल कापड धुऊन वाळवलं, पोथी देवघरात हाताशी ठेवली. उघडून पाहिली, मुंग्या तशाच.
हे विचारून राहिले, "उद्या पुन्हा नाही म्हटलं तं?"
म्हटलं, "तं काय. भट्टी सुरू आहे नं."