नळाखालचा घाम

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आजही तेच केलं! स्टुडिओतून निघताना टी-शर्ट नळाखाली धरला, पिळला आणि अंगात चढवला. आईला वाटावं, पोरगं प्रॅक्टिस करून घामाघूम होऊन आलंय. सहा फूट आठ इंच उंची, राज्याच्या बास्केटबॉल टीमचा माजी कॅप्टन — आणि मोरीतल्या नळाखाली वाकलेला. लाज वाटते. तरी करतो.

ज्या क्लबकडून खेळायचो ती टीम बंद झाली त्याला तीन महिने झाले. मालकांनी फोनवर सांगितलं, मोजून दोन वाक्यांत. दुखऱ्या गुडघ्याच्या तिशीतल्या खेळाडूला दुसरी कोणती टीम घेणार? घरी बोललोच नाही. आता अंधेरीला एका पौराणिक मालिकेत राक्षस आहे. मुखवटा, शिंगं, अंगभर हिरवा रंग. काम म्हणजे हसायचं — तेही दुसऱ्याच्या आवाजात!

गुरुवार, ६ नोव्हेंबर
"कानामागे हिरवं काय रे?" — आई.
"मलम आहे. दुखण्याचं."
गुडघा दुखतो हे तिला माहीत आहे. कानामागे काय दुखणार, गाढवा! तिने पोळी वाढली. रंग साबणाने निघत नाही, घासून घासून मान सोलवटली आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर
शेजारच्या सुनंदामावशींनी जिन्यात गाठलं. "काय रे चैतन्य, मॅच कधी? आई सारखी सांगत असते ना तुझं!"
"जानेवारीत," म्हणालो. सरळ थाप.

आई प्रत्येक मॅचला यायची. बोरीवलीहून निघून सगळ्यांच्या आधी हजर, मांडीवर माझी पाण्याची बाटली. नियम एक कळत नाही. माझा फ्री थ्रो असला की डोळे गच्च मिटायची आणि शेजारच्याला विचारायची, "गेला का?" मग उघडायची. या बाईशी मी रोज खोटं बोलतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर
आज मेलो. राजपुत्र स्टुलावर उभा, बाण माझ्या छातीत. "ए लंबू, आराम से गिर!" दिग्दर्शक ओरडला. परत परत पडलो. गुडघा टम्म सुजलाय.

यज्ञेशचा फोन. टीममध्ये इतकी वर्षं मला पास देणारा तोच, त्याला सगळं माहीत आहे. "सांगून टाक ना यार आईला. चोरी केलीस का?"
चोरी केली असती तर सांगितलं असतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
तो एपिसोड आज लागला. आई रोज ही मालिका बघते, राक्षस मेला की टाळी वाजवते. मी शेजारी, ताटात मान घालून.

बाण सुटला. टाळी नाही. वर पाहिलं — आईने डोळे गच्च मिटलेले.
"मेला का?"
"हो."
मग उघडले. उठून आत गेली.

शनिवार, २२ नोव्हेंबर
सकाळी प्रॅक्टिसची बॅग उघडली. बूट नाहीत. त्यांच्या जागी खोबरेल तेलाची बाटली आणि बाबांच्या जुन्या बनियनचा मऊ तुकडा.

आई ओट्याशी, पाठमोरी. "रंग तेलाने काढ. साबणाने कातडी जाते. आणि तो टी-शर्ट भिजवणं बंद कर रे आता. इतकी वर्षं तुझे कपडे धुतेय, मला घामाचा वास कळत नाही होय?"

बूट तिने धुऊन गॅलरीत उन्हात ठेवलेत.