मुहूर्तापुरते चार बोल्ट

३ मार्च, सोमवार. संध्याकाळ.
आजपासून रोजनिशी. डायरी श्रद्धाची, तिच्या हॉस्पिटलात कुठल्याशा औषध कंपनीने वाटलेली. नर्स लोकांना अशा पुष्कळ मिळतात. ती म्हणाली, तुझ्या डोक्यात एका वेळी वीस गोष्टी चालू असतात, लिहून काढ, म्हणजे निदान एक तरी होईल. बायको आहे, बोलते.
संकल्प. रोज अर्धा तास इंग्लिश. वर्षभरात स्वतःचं वर्कशॉप. नाव ठरलंय: यतीन मेटल आर्ट, यूके. व्हिजिटिंग कार्डाचा रंग ठरायचाय. नववीत शाळा सोडलेल्या कुपवाडच्या पोराला लेस्टरमध्ये लेझर मशीनपाशी कोण उभं करतं? वर्कशॉपच्या मालकांनी, जयंतदादांनी केलं. म्हणजे त्यांना माझ्यात काहीतरी दिसलं असणार.
मशीनला अजून हात लावू देत नाहीत. मी पत्रे चढवतो, उतरवतो आणि साइटवर जाऊन जोडतो. पण उभा मशीनपाशीच असतो.

८ मार्च, शनिवार.
मोठा दिवस. दादांची कंबर धरली, म्हणून नमुन्यांची पेटी देऊन ओडबीच्या गिऱ्हाइकाकडे मला पाठवलं. अनिश आणि वैभवी, दोघंही पुण्याचे, दोघंही कॉम्प्युटरवाले. मागच्या बागेत लोखंडी मांडव आहे, त्याला इथे पेर्गोला म्हणायचं. त्याला छत म्हणून लेझरने कापलेला जाळीचा पत्रा हवाय. खाली बाक. बाकावर अनिशचे वडील, पुरुषोत्तमकाका. सहा महिन्यांसाठी आलेत. बागेत ऊन तेवढ्याच एका जागी येतं, ते तिथेच बसतात.
वैभवीने फोनवर जाळ्यांचे एकशे चाळीस फोटो साठवलेत. अनिशने त्यांना मार्क देऊन तक्ता केलाय. दोघांचा पहिला नंबर वेगळा. मग मी मध्ये पडलो, डिझाइन कन्सल्टंट म्हणून. (कार्डावर हेच छापायचं.) शेवटी पिंपळपान ठरलं. पत्रा कॉर्टेनचा, म्हणजे मुद्दाम गंज चढू दिलेला. सध्या सगळ्यांना तोच हवा असतो. काका दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झालेत. ते म्हणाले, मी बत्तीस वर्षं गंज काढून पगार घेतला, आता हा पगार देऊन गंज आणतोय. सगळे हसले.
मग मी सुचवलं, पत्रा चौकटीच्या वर कशाला ठेवायचा, खालून लटकवू, तरंगल्यासारखा दिसेल. वैभवी एकदम खूश.
तासभर सगळे भोकंच निवडत होते. काकांनी एवढंच विचारलं की याला धरणार कशाने. म्हटलं, बोल्टने. किती? म्हटलं, ते टेक्निकल आहे काका.

१० मार्च, सोमवार.
दादा खूश नाहीत. चौकटीवर ठेवलेला पत्रा नुसता बसून असतो, खालून लटकवलेला पडायची वाट बघत असतो, असं म्हणाले. वयाने माणूस घाबरट होतो. शेवटी हो म्हणाले, पण बारा बोल्ट, दहा एमएमचे, प्रत्येकाला वायसरच्या दोन चकत्या, एकही कमी चालणार नाही. जॉबशीटवर तांबड्या पेनाने बारा लिहून त्याला गोल केला.
पत्रा तीन एमएमचा सांगत होते. मी दोनचा करून घेतला. उचलायला मीच जाणार ना.

१४ मार्च, शुक्रवार.
जेवणाच्या सुट्टीत दादांकडून माझं स्वतःचं डिझाइन कापून घेतलं. रांगोळीतला मोर. पत्रा उचलला तर मोराचा डोळा खाली पडला. मग पिसारा. मग मान वाकली. दादा म्हणाले, तू सगळीकडे कापलंस, धरून ठेवायला काही ठेवलंच नाहीस. उरलेला मोर त्यांनी भिंतीवर टांगलाय. कौतुक असल्याशिवाय कोण टांगतं.
इंग्लिश: उद्यापासून.

३० मार्च, रविवार. पाडवा.
पत्रा चढला. फोटो झाले. पुण्यात वैभवीच्या आईने व्हिडिओवर टाळ्या वाजवल्या.
पाडव्यालाच बसवायचा, हा हट्ट त्यांचाच. त्या तिकडे दीडला जेवतात, म्हणून इथे नवाच्या आत व्हायला हवं होतं. मी आठला पोचणार होतो, पोचलो नवाला. चूक इथल्या सरकारची. नेमकी आजच पहाटे घड्याळं एक तास पुढे केली. माझ्या मनगटावर सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ, त्याला कोण सांगणार? तिकडे आई उपाशी, फोन गुढीला टेकवून ठेवलेला, वैभवीचा चेहरा बघवत नव्हता. मी आणि अनिशने पत्रा उचलला आणि चार कोपऱ्यांना मी चार बोल्ट हातानेच पिळले. मुहूर्तापुरते. उरलेले आठ जेवल्यावर.
काका म्हणाले, पाडव्याचा अख्खा दिवसच मुहूर्त असतो, एवढी घाई कसली. पण तोवर पेढे फिरायला लागले होते.
श्रीखंड-पुरी. तीन वाट्या झाल्या. सोफ्यावर जरा डोळा लागला. उठलो तर पाऊस.
आठ बोल्ट जॅकेटच्या खिशात आहेत. उद्या.

३१ मार्च, सोमवार.
दादांनी जॉबशीट मागितली. बारा लावलेस? सही करून दिली. आज ना उद्या लावणारच आहे, म्हणजे लिहिलं ते खरंच आहे. फरक असला तर तारखेचा.

५ एप्रिल, शनिवार.
मुद्दाम ओडबीला गेलो. पोचल्यावर कळलं की पाना वर्कशॉपमध्ये राहिला. आलोच होतो म्हणून चहा घेतला.
ऊन छान होतं. पिंपळपानांची सावली काकांच्या पेपरवर, हातांवर, टकलावर. फोटो काढला, कार्डावर टाकता येईल. वारा सुटला तसा पत्रा बारीक आवाजात गुणगुणला. वैभवी म्हणाली, किती गोड, तानपुऱ्यासारखा. मी म्हटलं, ते डिझाइनमध्येच आहे.
काकांनी पेपर खाली ठेवला. चहाच्या चमच्याने लोखंडी खांबावर टिचकी मारली आणि मान तिरकी करून ऐकत बसले.
“आवाज सैल आहे,” म्हणाले. मग विचारलं, बोल्ट किती लावलेस?
बारा, काका.
त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. इतक्या वरचं नीट दिसत नसणार.

९ एप्रिल, बुधवार.
श्रद्धाने जॅकेट धुवायला काढलं. खिशातले बोल्ट टेबलावर ओळीने मांडून ठेवले आणि विचारलं, हे काय. म्हटलं, स्पेअर. ती म्हणाली, स्पेअर आठ असतात? नर्सना सगळं मोजायची खोड असते.
शनिवारी नक्की.

१३ एप्रिल, रविवार.
काल ओव्हरटाइम होता. नाही कसं म्हणणार.
आज दुपारी अनिशचा फोन. हसत होता. काकांच्या बशीत वरून वायसर पडला, टण्णकन. बाबा म्हणतात, आज वायसर आलाय, उद्या पत्रेसाहेब स्वतः येतील. मीही हसलो. म्हटलं, नवीन काम आहे, पत्रा आपली जागा घेतोय, घरंसुद्धा घेतात.
जेवण गेलं नाही. दुपारच्या पिझ्झाचं असेल.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे.
पाना घेतला, बोल्ट घेतले, गेलो. तर बागेत वैभवीच्या ऑफिसची माणसं, बायका-पोरांसकट. आता सगळ्यांच्या देखत आठ बोल्ट घेऊन शिडीवर चढायचं, म्हणजे इतके दिवस बारा-बारा काय म्हणत होतास, हे निघणार. दादांपर्यंत जाणार. सही आहे माझी. तेव्हा हे काम घरात कोणी नसताना करायचं. काम तेच, फक्त शांतपणे.
पत्र्यातून गंजाचं तांबडं पाणी गळून फरशीवर डाग पडलेत. काकांचे पाय असतात त्याच्या दोन्ही बाजूंना. कॉर्टेनचं असंच असतं, पहिलं वर्षभर गळतो. वैभवीला समजावलं.
काकांना म्हटलं, बाक तिकडे भिंतीशी सरकवू का? ते म्हणाले, ऊन इथे येतं. मग माझ्याकडे बघितलं. उजव्या डोळ्याने.
नंतर स्वतःहून विचारायला लागले. बोल्ट कितीचा? पाना किती नंबरचा लागतो? वायसर कुठून घेता? सगळं सांगितलं. दहाचा बोल्ट, सतराचा पाना, खाली-वर एकेक वायसर. त्यांनी पेपरच्या कडेला लिहून घेतलं. माझ्या कामात एवढा रस आजवर कोणी घेतला नव्हता. वर्कशॉप काढलं की उद्घाटन त्यांच्याच हस्ते.

२४ एप्रिल, गुरुवार.
शनिवारी जोराच्या वाऱ्याचा इशारा. फोनवर पिवळा त्रिकोण.
प्लॅन तयार आहे. उद्या अनिश लंडनला, वैभवी ऑफिसात. काका दोन ते तीन झोपतात. बागेचं फाटक बाहेरून उघडतं. आठ बोल्ट, एक तास. कोणाला पत्ता लागणार नाही.
प्लॅन इतका चांगला आहे की काम झाल्यातच जमा.

२५ एप्रिल, शुक्रवार.
जमलं नाही. दीडला पत्र्यांची लॉरी आली, दादांनी सोडलं नाही. खरं तर चारला सोडलं होतं. पण चारला काका उठलेले असतात.
वारा उद्या दुपारी आहे. उद्या सकाळी सातला जातो.

२६ एप्रिल, शनिवार.
जाग आली दहाला. सासऱ्यांचं घड्याळ अजून हिवाळ्यातच आहे, त्यात नऊ.
वारा आधीच आला. असल्या वाऱ्यात शिडीवर चढायचं नसतं, वर्कशॉपच्या भिंतीवर तशी पाटीच आहे. इतके दिवस वाचत नव्हतो, आज कामाला आली. अनिशला मेसेज टाकला: आज बागेत बसू नका, हवा खराब आहे. त्याने अंगठा पाठवला. अंगठ्यावरून काही कळत नाही.
दुपारी शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा रस्त्याने एकटाच गेला.
ओडबी इथून चार मैल. इथे काही ऐकू येणं शक्य नाही. तरी गुणगुण येतेय. फ्रिज असेल.
फ्रिज बंद करून बघितला. फ्रिज नव्हता.

२७ एप्रिल, रविवार.
पत्रा पडला नाही. अनिशचा मेसेज: सगळं ठीक, एक कुंडी फुटली. वर म्हणाला, तुझ्या तानपुऱ्याचा आवाज पण आता बराच कमी झालाय, बाबा खूश आहेत.
बघा. मी म्हणतच होतो, पत्रा जागा घेतोय. एवढं वादळ चार बोल्टांवर निघालं. म्हणजे बाराची गरजच नव्हती. दादांना कधीतरी सावकाश पटवून देईन, जुन्या माणसांना नवीन इंजिनिअरिंग हळूहळू सांगावं लागतं.
दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. उरलेले आठ आता सवडीने. कार्डाचा रंग ठरला, गंजाचाच.

२९ एप्रिल, मंगळवार.
श्रद्धा ड्युटीवरून आली. चहा घेताना म्हणाली, आमच्या वॉर्डात आज पुण्याचे एक काका आलेत. घरी कोणी नव्हतं, शिडीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. चौऱ्याहत्तर वय. मुलगा विचारतोय, बाबा वर कशाला चढलात, तर म्हणतात, काम होतं.
मी म्हटलं, पत्रा पडला नाही ना.
ती म्हणाली, “कुठला पत्रा?”
कबुतरं उडवायला चढले असतील. कुंडी लावायला. म्हातारी माणसं काहीही करतात.
तिने टेबलावर हात ठेवला होता, ओळीने बोल्ट मांडले होते तिथेच.

३० एप्रिल, बुधवार.
हॉस्पिटलात गेलो. द्राक्षं नेली. काका पलंगावर अर्धेच वाटत होते. ऑपरेशन उद्या. अनिश माझ्याशी चांगलं बोलला, तू किती लगेच आलास म्हणाला. त्यापेक्षा त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. हे का लिहिलं माहीत नाही.
तो कॉफी आणायला गेला तेव्हा काकांनी बोटाने जवळ बोलावलं. मला वाटलं, आता विचारणार. उत्तर तयार होतं.
“उरलेले पाच लाव,” म्हणाले. “वायसर विसरू नकोस.”
हो म्हटलं. पाच कसे, आठ आहेत. दुखणं थांबवायच्या औषधाने माणसाची मोजणी चुकते. श्रद्धाला विचारलं, ती म्हणाली, ते काका पूर्ण शुद्धीत आहेत.
चालतील ना, हेही विचारलं. काठी घेऊन, म्हणाली. बघू, म्हणाली.

१ मे, गुरुवार. दुपार.
दादांना खरं सांगून सुट्टी घेतली. त्यांनी सतराचा पाना स्वतः काढून दिला.
शिडी गवतात आडवीच होती, कोणी उचलली नव्हती. शेजारी वायसरांची पुडी, पावसात भिजलेली. शिडी उभी केली, चढलो.
वर सात बोल्ट होते. माझे चार बोटांनी फिरत होते, एकाला वायसरच नव्हता. दुसरे तीन नवे. खाली-वर वायसर. पाना लावून बघितला, जागचे हलले नाहीत.
पाच लावले. माझे चार आवळले. खाली उतरून चमच्याने खांबावर टिचकी मारली, चमचा बाकावरच होता. नंतर वारा आला, पत्रा गप्प राहिला.
सगळ्याला मिळून पंचवीस मिनिटं लागली.
आठ बोल्ट नेले होते. तीन उरले.