टेबलाचा चौथा पाय

सोमवार, ४

टेबल डुगडुगतं. चौथा पाय आखूड. आज चहा थेट कीबोर्डवर! देखभाल विभागाला तीन अर्ज केले, उत्तर — "नोंद घेतली आहे." तीन किलोमीटर खालचा खडक किती दाबाला खचेल हे सांगायला कंपनीने मला ठेवलंय, आणि माझंच टेबल लटपटतंय!

शेवटी प्रयोगशाळेबाहेरच्या खोक्यातून एक काळपट चकती उचलली, पायाखाली सारली. चपखल! वर पांढऱ्या रंगात काहीतरी खरडलं होतं, ती बाजू खाली केली. दिसायला बरं.

मंगळवार, ५

प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, "अहो, नव्या विहिरीतला तो शेल खडकाचा थर बिस्किटासारखा ठिसूळ आहे. नमुना तपासल्याशिवाय त्याच्या ताकदीचा आकडा घालू नका."

मी — "बाई, बिस्किटं तुम्ही बघा, मॉडेल मी बघतो."

खोलीतले चौघे सहकारी हसले. मी पाचवा.

भक्कम आकडा घातला. पडद्यावर तेलविहिरीच्या भिंती कशा ताठ!

गुरुवार, ७

नेमका त्याच थराचा एकुलता नमुना गहाळ! साहेब तापले. "सोमवारी खोदकाम. भिंतींना आतून टेकू देणारा चिखल पातळ सोडला आणि भिंत ढासळली, तर अख्खं यंत्र आत गाडलं जाईल! नमुना कुठाय?"

मी म्हणालो, "प्रयोगशाळेत काय जागेवर असतं!"

बाईंना उद्या संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा द्यायचाय. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिलाच. कपाटं उपसत बसल्या.

घरी बायकोला सांगितलं. म्हणाली, "आधी तुमच्या खोलीत बघा." मी — "माझा काय संबंध?" ती — "चष्मा हरवला की तो तुमच्याच डोक्यावर असतो, म्हणून म्हटलं."

बायकांना विज्ञानातलं काय कळतं!

शुक्रवार, ८ — सकाळ

टेबल पुन्हा डुगडुगतंय. वाकलो. चकतीचे पापुद्रे सुटलेत, खाली मूठभर भुगा. एका पापुद्र्यावर पांढरा आकडा — खोली, मीटरमध्ये. त्याच थराची.

एक टेबल, एक संगणक, माझी दोन कोपरं. एवढ्यानेच खडक फुटला! आणि याच्या जिवावर मी विहीर उभी केली होती.

दुपार

आकडा खाली आणला. पडद्यावर भिंती धडाधड कोसळल्या. चिखल जड करा, असं लिहून दिलं.

खुलासाही गेला — माझ्या सहीने. "नमुना माझ्या टेबलाखाली होता. चाचणी तिथेच झाली. बाईंचं बरोबर होतं." प्रत सगळ्यांना, त्या चौघांनाही.

बाई जेवायला गेल्या होत्या. भुगा ट्रेमध्ये भरून त्यांच्या टेबलावर ठेवला. शेजारी बिस्किटांचा पुडा. परत आलो.