भूषणच्या डोक्याला वीज

२ डिसेंबर
आज जळगावला भूषणच्या डोक्याला वीज लावली. शॉक नव्हे! कपाळावर दोन ओले स्पंज, वरून रबरी पट्टा, आणि अगदी बारीकसा प्रवाह. मुंग्या आल्यासारखं वाटतं म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं — "काका, यानं दारू सुटत नाही. हात पुढे जाण्याआधी मन जरा थांबावं, एवढंच. काहींना गुण येतो, काहींना नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या."

पोराचं दुखणं नेमकं तेच. ग्लास दिसला की विचाराआधी हात गेलेला असतो. मग घरात भांडण, सून हेमांगी पिंपळनेरला माहेरी, आणि हा पिऊन तिच्या दारात! शेजारपाजार जमतो, ती लाजेखातर याच्यासोबत परत येते. दिवाळीपासून पुन्हा तिकडेच आहे. माझं मागणं एकच — सून घरी यावी.

३ डिसेंबर
दवाखान्याच्या बाकावर बसून मंदाक्रांता वृत्तातली ओळ गुणगुणत होतो. आठवीत गुरुजी चौथ्या अक्षराशी टेबलावर थाप मारायचे — "थांब! इथे यती आहे. धावत सुटलास तर कविता पडेल." केवढा दरारा होता त्या थापेचा! स्पंज बहुधा तेच काम करत असावेत.

५ डिसेंबर
फजिती. यंत्र सारखं कुईं कुईं करायला लागलं, प्रवाह जाईना. पट्टा बांधणारी रिद्धी म्हणाली, "आबा, हे डोकं आहे की तळलेली भजी?" त्याच्या आईनं, प्रमिलानं, सकाळी वाटीभर तेल जिरवलं होतं. घरी येऊन विचारलं तर माझ्यावरच — "पोराच्या डोक्याले ईज लावता, अन् मी तेलबी नको लावू? डोकं तपलं म्हंजे?"
उद्यापासून शिकेकाई.

९ डिसेंबर
स्पंज लावल्यावर संगणकावर खेळही असतो. हिरवा गोल आला की बटण दाबायचं, लाल आला की हात आवरायचा. भूषण आज फार कमी चुकला. मी करून पाहिलं — लाल एक सोडला नाही, प्रत्येकावर बटण दाबलं!

१५ डिसेंबर
पुतण्या दीपकच्या मळ्यात भरीत पार्टी. आमच्या असोद्यात थंडीत हे चुकत नाही, आणि भरीत कुटायला भूषणच लागतो. जाऊ द्यावं की नको? शेवटी मीही सोबत गेलो. कपाशीच्या काड्यांचा जाळ, वांगी फटफट फुटताहेत, लाकडी बडगीत भूषणचं मुसळ. केळीच्या आडून बाटली निघालीच.
"घे ना भूषणभाऊ, थंडी पाह्य किती हाय!"
हात पुढे गेला. मी पाहिलं. मग हात तसाच वळला — "दीपक, ती कांद्याची पात दे इकडे."
"आता काय साधू होतो का रे?" सगळे हसले. तोही हसला. पण पात चिरत राहिला!

१६ डिसेंबर
हेमांगीला फोन केला. कालचं सांगितलं. "ऐकून बरं वाटलं, आबा." मग विचारलं, येशील ना पोरी? म्हणाली, "हे दारात आले की यावंच लागतं ना, आबा."
येते म्हणाली! प्रमिलानं लगेच ज्वारी-उडीद मिसळून कळण्याचं पीठ दळून आणलं, सुनेला कळण्याची भाकरी आवडते. भूषणला फोनवरचं शब्दन् शब्द सांगितलं.

१९ डिसेंबर
उपचार पूर्ण. परवा भूषण पिंपळनेरला जाणार. मला शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवसासारखं झालं आहे.

२१ डिसेंबर
भूषण एकटाच परत आला. धुळ्याला गाडी बदलायची होती, पिंपळनेरची समोरच लागलेली. "पायरीवर पाय ठेवला होता, आबा. थांबलो. मी दारात उभा राहिलो की तिला नाही म्हणता येत नाही. तिला यायचं असेल तर ती येईल."

प्रमिला चुलीपाशी रडत बसली आहे. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून कळवलं — गुण आला.